अ‍ॅमीटरचा काटा काय सांगतो: जुन्या बुलेटमधले विजेचे बिघाड शोधण्याची रीत

जुनी बुलेट किकला दाद देईनाशी झाली की गॅरेजमध्ये ठरलेला कार्यक्रम होतो. नवा प्लग, नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, आणि मालक हौशी दिसला तर नवी कॉईलसुद्धा. (पॉइंट कॉईलचा करंट जोडतात-तोडतात, कॉईल त्यातून प्लगची ठिणगी बनवते आणि कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी आवरतो.) गाडी सुरू होते, पैसे दिले जातात आणि खराब नेमकं काय होतं ते कोणालाच कळत नाही. महिन्याभरात पुन्हा तोच त्रास, कारण या सगळ्या खोलाखोलीत एखादा सैल जोड हलून तात्पुरता टेकला होता, एवढंच झालेलं असतं. जुन्या गाडीत पार्ट बिघडतात, नाही असं नाही. पण त्याहून कितीतरी जास्त वेळा बिघडतात ते जोड: गंजलेला लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), रंगाखाली दबलेला अर्थ (चॅसीतून बॅटरीकडे परतणाऱ्या करंटचा जोड), आतून हिरवी पडलेली तार. म्हणून इथे पार्ट बदलण्याच्या आधीचं काम सांगतो आहे.

हा लेख कास्ट आयर्न इंजिनाच्या, पॉइंटवर चालणाऱ्या, किकच्या ३५० बुलेटबद्दल आहे. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीच्या साथीनं १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि हे इंजिन त्यानंतर पाच दशकांहून जास्त काळ बनत राहिलं. एवढ्या काळात वायरिंग अनेकदा बदललं, आणि पुढे प्रत्येक मालकानं आणि प्रत्येक मेस्त्रीनं त्यात आपापली भर घातली. त्यामुळे कुठूनतरी मिळवलेला नकाशा तुमच्या गाडीशी जुळेलच असं नाही. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, वायर जाते कुठे ते बघा. इलेक्ट्रासारख्या सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीला इथली पॉइंट-कंडेन्सरची चर्चा लागू नाही. बॅटरी, अर्थ आणि चार्जिंगचं मात्र लागू आहे.

हात लावण्याआधी

दोन गोष्टी नक्की करा. पहिली, गाडी ६ व्होल्टची की १२ ची. बॅटरीला पाणी घालायची बुचं तीन असली तर ६, सहा असली तर १२. बॅटरी सीलबंद असेल तर तिच्यावरचा आकडा आणि बल्बांवरचा आकडा दोन्ही वाचा, कारण मधल्या कोणीतरी अर्धवट बदल केलेला असू शकतो. दुसरी, बॅटरीची कुठली बाजू चॅसीला जोडली आहे. आपल्याकडच्या १२ व्होल्टच्या गाड्यांत निगेटिव्ह अर्थ असतो. जुन्या इंग्लिश गाड्यांत मात्र पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असायचा, म्हणून रेडिचची किंवा अगदी सुरुवातीच्या काळातली गाडी असेल तर काहीही गृहीत धरू नका. अशा गाडीला हल्लीचा रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचा डीसी करणारी आणि व्होल्टेज आवरणारी डबी) जोडला किंवा बॅटरी उलटी लावली, तर डायोड जागेवर जातात.

पुढचे सगळे आकडे १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ धरून दिले आहेत.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन लांब वायरी आणि मगर-क्लिपा लावून केलेला टेस्ट लॅम्प, आणि हेडलाइटचा एखादा जुना ३५ वॅटचा बल्ब, ज्याची एक तरी फिलामेंट शाबूत आहे. फिलर गेज, पॉइंटची बारीक कानस, पितळी ब्रश, क्लिपा लावलेले वायरचे तीन-चार तुकडे. यात पैसे घालायचेच असतील तर लग दाबायच्या चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीत घाला. दातानं किंवा साध्या पकडीनं चेपलेले लग हेच पुढच्या वर्षीचे बिघाड असतात.

काही सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. बॅटरी काढताना अर्थची बाजू आधी सोडा आणि लावताना ती शेवटी लावा. टाकी उतरवली असेल तर ती लांब ठेवा, कॉक बंद. स्पार्क तपासताना पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा.

काट्याची भाषा

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेला, बॅटरीतून जाणारा-येणारा करंट दाखवणारा अ‍ॅमीटर हे बिघाड शोधायचं पहिलं साधन आहे, आणि बहुतेक मालक त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात. जुने बुलेटवाले किक मारण्याआधी काटा मध्यावर आणतात ना, त्यामागचं कारण हेच आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉईलमधून करंट जातो आणि काटा मायनसला झुकतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो आणि काटा शून्यावर येतो. म्हणजे काट्याकडे बघून आतले पॉइंट काय करताहेत ते झाकण न उघडता कळतं.

तपासायचं असं. गाडी न्यूट्रलला, सगळे दिवे बंद, चावी ऑन. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका दाबून किक हातानं किंवा पायानं हळूहळू खाली न्या, पुन्हा पुन्हा, आणि नजर काट्यावर. १२ व्होल्टच्या कॉईलचा प्रायमरी (बॅटरीकडच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम असतो, म्हणजे पॉइंट मिटल्यावर अडीच ते चार अँपिअर खेचले जायला हवेत. अ‍ॅमीटर काही प्रयोगशाळेतला नसतो, तेव्हा आकडा नेमका वाचत बसू नका. काटा स्पष्ट झुकतो का आणि स्पष्ट परत येतो का, एवढंच बघा.

झुकतो आणि परत येतो, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता बहुतांशी ठीक आहे. तरीही स्पार्क नसेल तर दोष कंडेन्सर, कॉईलची सेकंडरी (प्लगकडची गुंडाळी), एचटी वायर (कॉईलपासून प्लगला जाणारी जाड वायर), प्लग कॅप किंवा प्लग यांत शोधा.

काटा जागचा हलतच नाही, तर ब्रेक दाबून मागचा दिवा लावा, मग इंडिकेटर. हेही मेले असतील तर बॅटरी, फ्यूज, अ‍ॅमीटर किंवा चावीचा स्विच. हे चालू आहेत आणि फक्त इग्निशनला काटा हलत नाही, तर स्विचपासून कॉईलपर्यंतची वायर, कॉईल किंवा पॉइंट. पॉइंटच्या टोकांवर तेलाचा किंवा गंजाचा थर आला की ते मिटूनही जोडले जात नाहीत. काही महिने उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय तिथेच जातो.

काटा मायनसला गेला आणि इंजिन कितीही फिरवलं तरी तिथेच राहिला, तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा पॉइंटकडे जाणारी वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. हे दोन वेगळे करायला पॉइंटच्या मध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवा. काटा शून्यावर आला, तर गॅप गेला आहे, बहुधा पॉइंटचं फायबरचं पाऊल झिजलंय. कागद घालूनही काटा मायनसलाच, तर कंडेन्सरची वायर सोडा. आता शून्यावर आला तर कंडेन्सर शॉर्ट. तरीही नाही आला तर पॉइंटच्या स्प्रिंगखालचे इन्सुलेशनचे वायसर बघा. पॉइंट बदलताना हे छोटे वायसर उलटसुलट क्रमानं बसवले जातात, नाहीतर जुन्या पॉइंटबरोबर कचऱ्यात जातात, आणि नवे पॉइंट लावल्या लावल्या गाडी बंद पडते. मालक म्हणतो पॉइंट डुप्लिकेट निघाले.

काटा धाडकन टोकाला आपटला तर सरळ शॉर्ट आहे. चावी ताबडतोब बंद.

आणि कधीकधी खुद्द अ‍ॅमीटरच मेलेला असतो. गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून त्याच्या मागचा एक नट सैल झाला तरी सगळी गाडी अंधारात. शंका आली तर त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. गाडी जिवंत झाली तर दोषी सापडला.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका. कॉईलमध्ये ३५-४० वॅट उष्णता सतत साठत राहते आणि पंधरा-वीस मिनिटांत चांगली कॉईल भाजून निघते. तपासणी लांबणार असेल तर पॉइंटमध्ये कागद घालून ठेवा.

बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. १०.५ च्या जवळ दिसला तर एक सेल गेला आहे, कारण प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा असतो. अशी बॅटरी चार्जरवर कितीही ठेवली तरी उपयोग नाही.

पण नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका. तो ३५ वॅटचा बल्ब थेट बॅटरीला लावा आणि दोन-तीन मिनिटं मीटर बघत राहा. चांगली बॅटरी थोडी खाली येऊन १२ च्या वर स्थिरावते. म्हातारी बॅटरी बिनभार १२.५ दाखवते आणि बल्ब लावल्यावर घसरतच जाते. गाडीच्याच हेडलाइटनं ही चाचणी करू नका असं मुद्दाम सांगतो, कारण काही बुलेटमध्ये हेडलाइट थेट अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर असतो आणि इंजिन चालू असतानाच लागतो. गाडी बंद असताना हेडलाइट लागत नाही म्हणून वायरिंग उसवणारे लोक आहेत. आधी आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमला असेल तर बुचं घट्ट बंद करून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आधी लावून मग आवळायचं नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड कधीच नाही.

बॅटरी दोन दिवसांत आपोआप उतरते का? चावी बंद ठेवून बॅटरीची अर्थ वायर सोडा आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. या गाडीत घड्याळ नाही, संगणक नाही, तेव्हा शून्यच यायला हवं. काही मिलिअँपिअर दिसले तर रेक्टिफायर सोडा. शून्य झालं तर त्यातला डायोड उलट दिशेनं गळतोय. नाही झालं तर चावीचा स्विच आणि नंतर बसवलेले हॉर्न-सायरन-चार्जर एकेक करून सोडत जा.

व्होल्ट कुठे हरवतात

हा भाग या लेखाचा गाभा आहे. इथे घाई करू नका.

वायर ठीक आहे का हे बघायला बहुतेक जण मीटर ओहमवर लावतात, बीप वाजला की वायर पास करतात. त्यात फसगत आहे. ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरचे वीस धागे तुटून एकच शिल्लक असला तरी तो करंट आरामात जातो आणि बीप वाजतो. तीन-चार अँपिअर मागितले की तोच एक धागा गरम होतो आणि व्होल्टेज खातो. म्हणून जोड तपासायचा तो करंट वाहत असताना.

चावी ऑन, पॉइंट मिटलेले (काटा मायनसला हवा), मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर, म्हणजे लगवर नाही, शिशाच्या खांबावर. काळं टोक कॉईलच्या ज्या टर्मिनलवर स्विचकडून वायर येते तिथे. मीटरवर दिसतील ते वाटेत हरवलेले व्होल्ट. वाटेत फ्यूज, अ‍ॅमीटर, स्विच आणि अर्धा डझन जोड आहेत, तेव्हा अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. एक किंवा त्याहून जास्त असेल तर काळं टोक मागे मागे आणत जा: स्विचच्या बाहेरची बाजू, स्विचच्या आतली बाजू, अ‍ॅमीटर, फ्यूज. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे दोष. बहुतेकदा चावीचा स्विच किंवा फ्यूजची सैल पडलेली क्लिप निघते.

आता परतीची वाट. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्ट ठीक, ०.२ च्या वर गेलं की अर्थिंग दुरुस्त करा. मग लाल टोक पॉइंटच्या हलत्या हाताच्या टर्मिनलवर आणि काळं पॉइंटच्या पाटाजवळ इंजिनावर. मिटलेल्या पॉइंटवर ०.२ हून कमी यायला हवं. इथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पॉइंट वरून कितीही चकचकीत दिसोत, ते घाण आहेत.

तपासणी चालू असताना हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. हेडलाइटच्या डोक्यात शिरणाऱ्या वायरींचा जुडगा प्रत्येक वळणाला मुडपतो. कातडं शाबूत आणि आतली तार तुटलेली, असं तिथे हमखास सापडतं. मीटरचा आकडा किंवा अ‍ॅमीटरचा काटा हँडलबरोबर नाचला तर पुढचं सगळं शोधकाम वाचलं.

अर्थिंगबद्दल आणखी थोडं. हल्ली रिस्टोअर केलेल्या गाड्यांचा हा खास आजार आहे. चॅसीला पावडर कोटिंग, मडगार्डला नवा रंग, नवे नट-बोल्ट, गाडी आरशासारखी, आणि इंडिकेटर लावला की मागचा दिवा मिणमिणतो. कारण मूळ रचनेत करंट धातूतूनच परत यायचा आणि आता प्रत्येक जोडाला रंगाचा थर आहे. हेडलाइटचा अर्थ तर पुष्कळदा स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून परतत असतो! रंग खरवडत बसण्यापेक्षा स्वतंत्र वायरी टाकणं मला बरं वाटतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या एखाद्या बोल्टला एक जाड वायर, अडीच चौरस मिलिमीटरची, दातेरी वायसर घालून. हेडलाइटला एक आणि मागच्या दिव्याला एक, जरा बारीक चालेल. सगळ्या काळ्या. नकाशात नसलेल्या या तीन वायरींनी गाडीचे निम्मे गूढ आजार जातात.

पॉइंट, कंडेन्सर, कॉईल

पॉइंट इंजिनाच्या उजव्या अंगाला गोल झाकणाखाली आहेत. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, जुन्या मापात चौदा ते सोळा थाऊ (इंचाचा हजारावा भाग), आणि तो पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असतानाच मोजायचा. साफ करायला एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण टोकांत रुतून बसतात. बारीक कानसीनं एक-दोन हात, मग पेट्रोलमध्ये बुडवलेली कोऱ्या कार्डाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढायची, आणि शेवटी कोरडी पट्टी. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून थर दिलेला असतो, तोही असाच पुसा. कॅमला ग्रीसचं नुसतं बोट लावा. जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटवरच येतं. आणि गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, हे लक्षात ठेवून तेही बघून घ्या.

कंडेन्सर गेला की पॉइंटवर ठिणग्या नाचतात. संध्याकाळी अंधारात झाकण काढून किक मारा. बारीक निळी ठिणगी चालते. पिवळसर-पांढरी, तडतडणारी, ठळक ठिणगी म्हणजे कंडेन्सर काम करत नाही, आणि अशा पॉइंटची टोकं काही दिवसांत काळी पडून जळतात. खात्री करायला तो काढायचीही गरज नाही. जुन्याची वायर सोडा आणि चांगला कंडेन्सर बाहेरच टांगा: वायर पॉइंटच्या टर्मिनलला, डबी इंजिनाला, क्लिपांनी. साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, पॉइंटवर चालणाऱ्या कुठल्याही मोटारीचा चालतो. उलट, चालत्या गाडीवर हा बाहेरचा कंडेन्सर कायमचा ठेवणारेही आहेत, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, आणि त्यात चूक काहीच नाही.

थंड असताना गाडी पहिल्या किकला सुरू होते, दहा-पंधरा किलोमीटरवर मिस मारायला लागते, बंद पडते, अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. अशा तक्रारीत दोनच संशयित, कंडेन्सर आणि कॉईल. (तिसरा, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक. पण ते विजेचं नाही. झाकण उघडल्यावर लगेच सुरू झाली तर वायरिंगला हात लावू नका.) गाडी गरम होऊन बंद पडली की तिथेच बाहेरचा कंडेन्सर लावा. सुरू झाली तर निकाल लागला. नाही झाली तर कॉईलला हात लावून बघा. चटका बसतो का? गरम असतानाच तिचे ओहम मोजा. थंडपणी मोजलेली सेकंडरी काही हजार ओहम येते आणि ठीकच दिसते. गरम झाल्यावर आकडा अमर्याद झाला तर आतली तार तापून तुटते आहे.

स्पार्क बघताना प्लग काढून कॅपमध्ये घाला आणि त्याची बॉडी हेडला नीट टेकवून ठेवा, हातात धरू नका, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. एचटी वायर अधांतरी ठेवून किक मारू नका. स्पार्कला जायला वाट मिळाली नाही की तो कॉईलच्या इन्सुलेशनमधून वाट काढतो. प्लग कॅप बाहेरून चांगली दिसली तरी पिरगाळून काढा. आत स्क्रूनं वायरमध्ये घुसणारं टोक काळं पडलेलं असेल तर वायरचे पाच-सहा मिलिमीटर छाटून नव्यानं बसवा. बऱ्याच कॅपमध्ये ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो, तो मीटरवर मोजता येतो. पावसाळ्यात गाडी भिजली की बंद पडते, कोरडी झाली की चालते, तर रात्री इंजिन चालू ठेवून एचटी वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या रेषा सरपटताना दिसतील तिथून करंट गळतोय.

चार्जिंग

भरलेल्या बॅटरीवर काटा शून्याच्या जवळ येऊन बसतो. तो बिघाड नाही, काम संपल्याची खूण आहे. शंका असेल तर मीटरनं मोजा: इंजिन आयडलच्या बरंच वर, बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. पंधराच्या वर जाऊ लागलं तर रेग्युलेटर किंवा त्याचा अर्थ गेला आहे. बल्ब पटापट उडणं आणि बॅटरीचं पाणी सारखं आटणं ही त्याचीच लक्षणं.

व्होल्टेज वाढतच नसेल तर डाव्या बाजूच्या प्रायमरी (चेन आणि क्लचच्या) केसमधून येणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरी सोडा आणि मीटर एसीवर लावून त्या आपसात मोजा. इंजिनाच्या वेगाबरोबर आकडा चढायला हवा. चढतो, तर अल्टरनेटर ठीक आणि दोष पुढे, रेक्टिफायरमध्ये किंवा वाटेतल्या जोडात. चढत नाही, तर वायर आणि इंजिन यांच्यात ओहम मोजा. (काही रचनांत गुंडाळीचं एक टोक मुळातच अर्थला असतं, ते आधी पाहून घ्या.) केस उघडायची वेळ आलीच तर दोन जागा बघा. तेलात वर्षानुवर्षं भिजून कडक झालेल्या वायरी जिथे केसमधून बाहेर पडतात ती जागा, आणि रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर गुंडाळ्यांना) घासल्याच्या चकाकत्या खुणा. घासत असेल तर स्टेटर नीट मध्यावर बसवावा लागतो, आणि क्रँकचं बेअरिंग ढिलं झालंय का हेही बघावं लागतं. तिथे विजेचं काम संपून इंजिनाचं काम सुरू होतं.

रेक्टिफायर मीटरच्या डायोडच्या खुणेवर तपासा. एका दिशेनं ०.५ ते ०.७, टोकं उलटवली की काहीच नाही. दोन्हीकडून सारखंच आलं तर तो गेला. रेग्युलेटर त्याच डबीत असेल तर ही चाचणी अर्धवटच सांगते. तेव्हा वरचं व्होल्टेज खरं माना.

फ्यूज उडत राहतो तेव्हा

नवनवे फ्यूज घालून बघणं बंद करा, आणि फ्यूजच्या जागी जाड तार तर घालूच नका. आग अशीच लागते. फ्यूजच्या दोन क्लिपांना टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडानं पेटेल, पण वायर जळणार नाही, कारण करंट बल्बानंच अडवलेला असतो. आता निवांतपणे एकेक वायर सोडा, जुडगा हलवा, हँडल वळवा. बल्ब विझला ती जागा. टाकीखाली चॅसीच्या नळीला घासणारा जुडगा, सीटच्या बोल्टखाली चेपलेली मागच्या दिव्याची वायर आणि मडगार्डच्या भोकातली रबरी ग्रोमेट नसलेली वायर, याच क्रमानं बघा.

बाकी दिव्यांचं फारसं काही नाही. होल्डर पितळी ब्रशनं साफ करा, अर्थ द्या. एका बाजूचे इंडिकेटर वेगळ्या गतीनं लुकलुकत असतील तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला किंवा चुकीच्या वॅटचा असतो. हॉर्न घोगरा असेल तर त्याला थेट बॅटरीवर लावून बघा. तिथे खणखणीत वाजला तर हॉर्न नव्हे, बटणाचा अर्थ खराब आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांसाठी एक वेगळी सूचना. खाऱ्या दमट हवेत इन्सुलेशनच्या आतलं तांबंही काळं-हिरवं होत जातं. अशा वायरला नवा लग लावून फायदा नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे छाटत जा, आणि बोटभर छाटूनही काळंच निघालं तर ती अख्खी वायर बदला. घरच्या फिटिंगची एकच जाड तार असलेली वायर वापरू नका, बुलेटच्या थरथरीत ती मोडतेच. अनेक धाग्यांची ऑटो वायर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात मीटरवर मिळते. डाग देऊन जोडण्यापेक्षा लग दाबून वर स्लीव्ह चढवा. डाग जिथे संपतो तिथेच वायर ताठ होऊन तुटते.

रस्त्यात अडकलात तर

डिकीत नवा प्लग, वायर लावलेला एक कंडेन्सर, फ्यूज, पॉइंटची पट्टी आणि दोन क्लिपांची मीटरभर वायर असू द्या. चावीचा स्विच, अ‍ॅमीटर किंवा जुडग्यातली वायर गेली असेल तर ही एक वायर घरी आणते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉईलच्या त्या टर्मिनलला जोडा जिथे स्विचकडून वायर येते, पॉइंटकडे जाणाऱ्या नव्हे, आणि वाटेत फ्यूज घाला. कॉईलची मूळ वायर सोडून टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे आधीचा दोष आड येणार नाही. आता चावी काहीच बंद करणार नाही, इंजिन थांबवायला डीकॉम्प्रेशन दाबून धरा आणि लगेच क्लिप काढा. गाडी उभी राहिली आणि क्लिप तशीच राहिली, तर पॉइंट मिटलेले असतील आणि पाणी पिऊन परत येईपर्यंत कॉईल तापलेली असेल.